मेंदूचें गणित आणि मनाची साक्ष

मेंदूचा अभ्यास गणिताच्या व संगणकाच्या साहाय्यानें करण्याची जी पद्धति गेल्या पाऊणशें वर्षांत वाढीस लागली आहे, तिच्याविषयीं आपल्या सुशिक्षित समाजांत दोन मतें ऐकूं येतात. कांहींच्या मतें आज ना उद्यां माणसाचें सारें मन समीकरणांत उतरेल, आणि मग इच्छा, विवेक, पश्चात्ताप हे शब्द केवळ कोशांतच उरतील. दुसऱ्यांस ही सारी खटपटच अभद्र वाटते. मन ही मोजण्याची वस्तुच नव्हे, असें म्हणून ते तिच्याकडे पाठ फिरवितात. पहिल्यांचा उतावळेपणा व दुसऱ्यांचा आळस हे आम्हांस सारखेच गैर वाटतात. गणितानें मेंदूविषयीं पुष्कळ खरें ज्ञान दिलें आहे व पुढेंही देईल. प्रश्न एवढाच आहे कीं, तें ज्ञान कोणत्या जातीचें आहे, आणि त्याच्या जोरावर एका माणसाच्या वतीनें दुसऱ्यानें किती बोलावें. या प्रश्नाचा थोडा विचार करण्याचें येथें योजिलें आहे.

प्रथम गणिताचें जें देणें आहे तें मोकळ्या मनानें मान्य केलें पाहिजे. माकूळ नांवाचा जो समुद्रचर कोंकणच्या बाजारांत दिसतो, त्याच्या जातीच्या प्राण्यांत एक विलक्षण जाड मज्जातंतु असतो. कांहींचा तर इतका जाड असतो कीं, त्याच्या आंत बारीक तार सरकवून विजेचें माप घेतां येतें. हॉज्किन व हक्स्ली या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनीं प्लिमथ येथें अशीं मापें घेतलीं आणि तंतूंतून विजेचा स्पंद कसा धांवतो याचीं समीकरणें १९५२ सालीं प्रसिद्ध केलीं. केंब्रिज विद्यापीठाचा संगणक त्या वेळीं बंद होता. म्हणून हक्स्लीनें हातानें फिरवावयाच्या गणनयंत्रावर तीं सोडविलीं. गणितावरून स्पंदाचा वेग सेकंदास १८.८ मीटर निघाला. प्रत्यक्ष मोजला तेव्हां तो २१.२ मीटर भरला. तंतूच्या आवरणांत कांहीं कण हालले म्हणजे सोडियम व पोटॅशियम यांस वाट मिळते, अशी कल्पना त्यांनीं धरली होती. ती वाट तोंपर्यंत कोणीं पाहिलेली नव्हती. आवरणांतील एकेका द्वारांतून वाहणारा प्रवाह १९७६ सालीं नेहर व साकमन यांनीं मोजला, आणि पोटॅशियमच्या द्वाराची घडण मॅकिनन यांनीं १९९८ सालीं दाखविली. हॉज्किन-हक्स्लींनीं पोटॅशियमच्या प्रवाहासाठीं एका राशीचा चौथा घात घेतला होता. तें द्वारही चार सारख्या भागांचें निघालें. जें डोळ्यांस दिसावयास आणखी चाळीसांहून अधिक वर्षें लागणार होतीं, त्याची चाहूल आकड्यांस आधींच लागली होती. अशा विद्येस अभद्र म्हणणें हा कृतघ्नपणा होय.

परंतु एका तंतूचें गणित म्हणजे मेंदूचें गणित नव्हे. मनुष्याच्या मेंदूंत सुमारें ८,६०० कोटि मज्जापेशी आहेत. सुमारें एक मिलिमीटर लांबीच्या एका कृमीच्या अंगांत त्या अवघ्या ३०२ असतात, आणि त्यांच्या जोडणीचा नकाशा १९८६ सालींच प्रसिद्ध झाला. फळमाशीच्या मेंदूचा नकाशा २०२४ सालीं पुरा झाला. त्यांत सुमारें १,३९,००० पेशी व ५ कोटींहून अधिक सांधे आहेत. तरीही तो ३०२ पेशींचा कृमि पुढच्या क्षणीं कोणीकडे वळेल, हें नुसत्या नकाशावरून खात्रीनें सांगतां येत नाहीं. गांवाचा नकाशा हातीं आला म्हणून गांवांतलें भांडण कळत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार.

या बाबतींत २०१७ सालीं योनास व कॉर्डिंग या शास्त्रज्ञांनीं केलेली एक परीक्षा आम्हांस फार बोधप्रद वाटते. त्यांनीं १९७५ सालची एक जुनी संगणक-चिप घेतली, तिची संगणकावर हुबेहूब प्रतिकृति चालविली आणि मेंदूच्या अभ्यासाच्या रूढ रीति तिला लावून पाहिल्या. चिपेंत सुमारें साडेतीन हजार ट्रान्झिस्टर होते. तिची रचना माणसानेंच केलेली असल्यामुळें खरें उत्तर आधींच ठाऊक होतें. चिपेवर तीन खेळ चालवावयाचे, एकेक ट्रान्झिस्टर निकामी करावयाचा, आणि काय बंद पडतें तें पाहावयाचें, असा क्रम होता. कांहीं ट्रान्झिस्टर असे निघाले कीं, ते गेले म्हणजे तिहींपैकीं एकच खेळ बंद पडे. 'हा ट्रान्झिस्टर म्हणजे अमुक खेळाचें स्थान', असें विधान यावरून सहज करतां आलें असतें, आणि तें साफ चुकलें असतें. कारण त्या ट्रान्झिस्टराचें काम अगदीं सामान्य, खेळाशीं त्याचा खास संबंध कांहींच नाहीं. सारे आंकडे खरे असून त्यांतून काढलेला अर्थ खोटा ठरूं शकतो, हें यावरून स्पष्ट होतें.

भाकीत बरोबर येणें आणि कारण समजणें या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हें आपल्या लोकांस नवें नाहीं. कोंकणांतील नांदगांवच्या गणेश दैवज्ञानें १५२० च्या सुमारास ग्रहलाघव रचलें, आणि त्यावरून महाराष्ट्रांत पिढ्यान् पिढ्या पंचांगें तयार झालीं. ग्रहणाची घटका-पळें काढणाऱ्या जोश्यास गुरुत्वाकर्षण ठाऊक नव्हतें, व त्याचें त्यावांचून अडलेंही नाहीं. चंद्राच्या बाबतींत हें चालून जातें. चंद्राला स्वतःचें असें कांहीं म्हणणें नसतें. आपलें भाकीत चुकलें तर आपण लाजतों, चंद्रावर अन्याय होत नाहीं. माणसाच्या बाबतींत मात्र भाकीत करणारा आणि ज्याच्याविषयीं भाकीत करावयाचें तो, असे दोन पक्ष समोरासमोर उभे राहतात, आणि नीतीचा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

हा प्रश्न आतां केवळ तर्काचा राहिलेला नाहीं. पक्षघातानें किंवा मज्जारोगानें ज्यांची वाचा गेली, पण बुद्धि शाबूत आहे, अशा रोग्यांच्या मेंदूंत सूक्ष्म इलेक्ट्रोड बसवून त्यांचें बोलणें पडद्यावर उमटविण्याचे प्रयोग अमेरिकेंत चालू आहेत. २०२३ सालीं दोन संशोधकसंघांनीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकाच्या यंत्रानें मिनिटास ६२ शब्द उमटविले, दुसऱ्याच्या यंत्रानें ७८. इंग्रजींतील सहज संभाषण मिनिटास सुमारें १६० शब्दांच्या गतीनें चालतें, हें लक्षांत घेतलें म्हणजे या यशाची कल्पना येईल. वर्षानुवर्षें मुक्या राहिलेल्या माणसाला आपल्या मुलांशीं पुन्हां बोलतां यावें, यासारखें पुण्यकर्म विद्येच्या हातून क्वचितच घडतें.

आतां हें यंत्र चालतें कसें तें पाहूं. रोग्यानें बोलण्याचा प्रयत्न केला कीं पेशींच्या स्पंदांचे आंकडे संगणकाकडे जातात. संगणक प्रथम ध्वनींचा अंदाज करतो. या क्षणीं अमुक ध्वनि असण्याचा संभव किती व तमुक असण्याचा किती, हें ठरवितो. मग दुसरें गणित सुरू होतें. लक्षावधि वाक्यांवरून तयार केलेलें भाषेचें एक प्रतिमान यंत्रांत असतें; कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हें तें सांगतें. प्रयोग इंग्रजींतले आहेत, पण आपल्या भाषेंत उदाहरण द्यावयाचें तर 'मला प्यायला' यापुढचा शब्द अस्पष्ट आला आणि तो 'पाणी' कीं 'वाणी' असा संशय पडला, तर यंत्र 'पाणी' निवडील. बहुतेक वेळां तें बरोबरच ठरेल. सव्वा लाख शब्दांचा संग्रह वापरला तेव्हां वर सांगितलेल्या पहिल्या यंत्राचा दर चार शब्दांत जवळजवळ एक शब्द चुकत असे. पुढच्याच वर्षीं दुसऱ्या एका संघानें ही चूक शेंकडा तिहींच्या आसपास आणली.

परंतु येथें एक बारीक गोष्ट आहे. यंत्राची ही दुसरी पायरी रोग्याच्या मेंदूंतून येत नाहीं. ती इतर लोक सामान्यतः काय बोलतात यावरून येते. म्हणजे नेहमींचें बोलणारा मनुष्य नीट ऐकला जाईल. पण ज्याला अनपेक्षित असें कांहीं सांगावयाचें आहे, त्याचेंच वाक्य नेहमींच्या वाक्याकडे ओढलें जाण्याचा संभव अधिक. आणि माणसाच्या आयुष्यांत जीं वाक्यें खरोखर महत्त्वाचीं असतात, तीं बहुधा अनपेक्षितच असतात.

यावरून आम्हांस घरांतील एक जुनी गोष्ट आठवते. आमच्या मामांस उतारवयांत अर्धांगाचा झटका आला. बोललेलें सारें समजे, पण जीभ वळत नसे. घरांतील माणसें त्यांच्या खुणांवरून त्यांचें मन ओळखीत, आणि दहांपैकीं नऊ वेळां ओळखीत तें बरोबर असे. एके दिवशीं संध्याकाळीं ते कपाटाकडे वारंवार हात करूं लागले. ती त्यांच्या पोथीची वेळ होती. आम्ही पोथी काढून दिली. त्यांनीं मान हालविली. 'थकले आहेत, वाचून दाखवा,' असें कोणीसें म्हणालें, आणि आम्ही त्यांस तासभर पोथी वाचून दाखविली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलें, तें आम्हीं भक्तीचें समजलों. तिसऱ्या दिवशीं त्यांच्या लहान नातीनें कपाटांतील एकेक वस्तु त्यांच्यापुढें धरली आणि 'आजोबा, हें का?' असें विचारून प्रत्येक वेळीं ती उत्तराची वाट पाहत बसली. शेवटीं एक जुनी हिशेबाची वही निघाली. एका शेजाऱ्याकडून अडचणीच्या वेळीं घेतलेली रक्कम परत करावयाची राहिली होती, आणि तें ओझें घेऊन त्यांना जावयाचें नव्हतें. दुसऱ्याच दिवशीं ती रक्कम पोंचती झाली.

आमचें अनुमान वाईट होतें काय? मुळींच नव्हे. वेळ पोथीची, संवय पोथीची, कपाटही पोथीचें. कोणत्याही गणकानें हाच निर्णय दिला असता. आमचा अपराध निराळाच होता: त्यांनीं मान हालविली, आणि आमच्या अनुमानापुढें आम्हीं ती मानली नाहीं.

आपल्या नैयायिकांनीं प्रमाणांचे भेद केले आहेत, ते येथें उपयोगीं पडतात. धूर पाहून अग्नि आहे असें म्हणणें हें अनुमान. विश्वासू माणसाच्या सांगण्यावरून जाणणें हें शब्दप्रमाण. यंत्र मेंदूंतील स्पंदांवरून जें काढतें तें, कितीही सूक्ष्म असलें तरी, अनुमानच होय. पण पडद्यावर तें 'मला अमुक पाहिजे' अशा प्रथमपुरुषी वाक्यांत उमटतें, आणि वाचणारा त्यास शब्द समजतो. अनुमानानें शब्दाचा वेष घेतला कीं घोटाळा होतो. आपल्या इच्छेविषयीं माणूस सर्वज्ञ आहे असें आम्ही म्हणत नाहीं. तो स्वतःलाही फसवितो. तथापि दुसरे त्याच्याविषयीं चुकले तर त्यांचें बोलणें खोडून काढण्याचा हक्क त्याचा आहे, आणि हा हक्क कोणत्याही समीकरणानें त्याच्याकडून काढून घेतां येत नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, आईही मुलाच्या रडण्यावरून अनुमानच करते, आणि बेशुद्ध रोग्याच्या वतीनें आप्तांना निर्णय घ्यावेच लागतात. मग यंत्रावरच कटाक्ष कां? आक्षेप रास्त आहे. अनुमान वर्ज्य करा असें आमचें म्हणणेंच नाहीं. तसें केलें तर संसार एक दिवसही चालणार नाहीं. आमचें मागणें दोनच गोष्टींचें आहे. जें अनुमान असेल तें अनुमान म्हणून ओळखलें जावें, व तें नाकारण्याची वाट शेवटपर्यंत मोकळी असावी. जेथें नाकारण्याची शक्तीच उरलेली नाहीं, तेथें निर्णयाची जबाबदारी एखाद्या माणसानें उघडपणें आपल्या शिरावर घ्यावी. आई चुकली तर तिला रात्रभर झोंप येत नाहीं. यंत्रास ही व्यथा नाहीं. म्हणून 'यंत्रानें असें सांगितलें' या वाक्याआड कोणासही लपतां येऊं नये. मृत्युपत्र, औषधोपचारास संमति, न्यायालयांतील साक्ष, अशा प्रसंगीं तर हा नियम अधिकच कडक पाळला पाहिजे.

समाधानाची गोष्ट अशी कीं, खुद्द संशोधकांसही याची जाणीव होऊं लागली आहे. मनांतल्या मनांत म्हटलेले शब्द ओळखण्याचा एक प्रयोग २०२५ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत रोग्यानें ठरलेला सांकेतिक शब्द मनांत म्हटल्यावांचून यंत्रानें त्याच्या मनांतलें बोलणें उलगडूं नये, अशी योजनाही करून पाहण्यांत आली. दक्षिण अमेरिकेंतील चिली देशानें तर २०२१ सालीं आपल्या राज्यघटनेंत दुरुस्ती करून मेंदूच्या व्यापारांस व त्यांतून मिळणाऱ्या माहितीस संरक्षण दिलें. दाराला कडी असावी, आणि ती आंतून लागावी, हा साधा विचार या दोन्हींच्या मुळाशीं आहे.

गणिताला मेंदूंत शिरूं देऊं नये, असें आम्हांस कधींच वाटलें नाहीं. त्यानें जावें तितकें खोल जावें. मुक्यांस वाचा द्यावी, रोगांचीं कारणें शोधावींत. फक्त उत्तर हातीं आल्यावर त्यानें त्या लहान मुलीसारखें 'हें का?' असें विचारावें आणि मान कोणत्या बाजूस हालते तें पाहण्यापुरतें थांबावें. आम्ही सुशिक्षित, वडीलधारी माणसें त्या दिवशीं तेवढेंही थांबलों नाहीं, हें सांगावयास संकोच वाटतो. पण सांगितलें पाहिजे.