बोरिक पावडर आणि पडद्यावरचं गुरुत्वाकर्षण

पावसाळ्यात भाईंदरचा कॅरम जड होतो. एका बाजूला वसईची खाडी, दुसरीकडे उत्तनचा समुद्र, मध्ये मिठागरं. हवेतला ओलावा प्लायवूडमध्ये मुरतो आणि एरवी सुळकन जाणारी सोंगटी अर्ध्या वाटेत थबकते. मग मंडळाच्या खोलीत कुणीतरी बोर्डवरचा बल्ब आणखी खाली ओढतो, फडक्याने बोर्ड घासतो, बोरिक पावडरची चिमूट भुरभुरतो आणि स्ट्रायकर नुसताच आपटून बघतो. ‘आता धावतोय’ असा शेरा आला की डाव सुरू.

त्याच खोलीतल्या बाकावर एखादा पोरगा फोनवर कॅरम खेळत बसलेला असतो. त्याच्या बोर्डाला दमट हवा लागत नाही. आषाढ असो की चैत्र, सोंगटी तितकीच धावते. शिवाय नेम धरला की स्ट्रायकरच्या पुढे एक रेघ उमटते आणि फटका कुठे बसणार ते आधीच दाखवते. जुन्या खेळाडूंचा यावरचा निकाल ठरलेला: हे कॅरम नव्हेच, यात काही खरं नाही. तक्रार पटण्यासारखी आहे. फक्त ती करणाऱ्याच्या बोटांना पावडर लागलेली असते.

कारण लाकडी कॅरम तरी कुठे निसर्गाच्या भरवशावर चालतो? लाकडाचं घर्षण खेळाला सोसत नाही म्हणून तर पावडर आली. अधिकृत मापं पाहा. सोंगटी ५ ते ५.५ ग्रॅमची, स्ट्रायकर जास्तीत जास्त १५ ग्रॅमचा, म्हणजे साधारण तिप्पट जड. दोन्ही एकाच वजनाचे असते, तर समोरासमोरच्या टकरीत स्ट्रायकर जागीच थिजला असता. तिप्पट वजनामुळे तो निम्म्या वेगाने पुढे जातो आणि सोंगटी त्याच्या मूळ वेगाच्या दीडपटीने सुटते. हे आदर्श टकरीचं गणित झालं, प्रत्यक्षात थोडं कमीच. पण सोंगटी ‘सुटते’ म्हणताना जी मजा असते, ती या वजनांच्या फरकातून येते. खेळ नावाची गोष्टच मुळात भौतिकशास्त्रात केलेली सोयीस्कर दुरुस्ती आहे. संगणकाने ती फक्त उघडपणे केली.

आणि फार लवकर केली. १९६२ मध्ये एमआयटीतल्या तरुणांनी पीडीपी-१ या संगणकावर ‘स्पेसवॉर’ रचला. पडद्याच्या मध्यभागी एक तारा, त्याच्या ओढीत सापडलेली दोन यानं, आणि एकमेकांवर सोडायचे टॉर्पेडो. यानांना ताऱ्याचं गुरुत्वाकर्षण लागू होतं, टॉर्पेडोंना नव्हतं. सगळ्यांचा हिशेब करण्याइतकं बळ त्या यंत्रात नव्हतं, म्हणून टॉर्पेडोंना निसर्गनियमातून सूट मिळाली. याहून बोलका किस्सा त्याआधीच्या आवृत्तीचा. खरी शस्त्रं थोडीफार बेभरवशाची असतात, या न्यायाने त्या तरुणांतल्या स्टीव्ह रसेलने टॉर्पेडोच्या नेमात आणि वेगात यदृच्छेचा अंश मिसळला होता. खेळणाऱ्यांना ते मुळीच आवडलं नाही. वास्तव काढून टाकावं लागलं.

म्हणजे खेळणाऱ्याला खोटं हवं असतं का? टॉर्पेडोवाल्यांची तक्रार नीट ऐकली तर तसं दिसत नाही. नेम चुकला तर तो आपला चुकला पाहिजे, एवढीच त्यांची मागणी होती. हाताला एकदा अंदाज आला की जगाने तो मोडू नये.

फोनवरच्या कॅरमला हा अंदाज सांभाळताना काय कसरत करावी लागते, ते जवळून पाहण्यासारखं आहे. पडद्यावरचं जग अखंड वाहत नाही, तुकड्यातुकड्याने सरकतं. बहुधा सेकंदाला ६० तुकडे. समजा, स्ट्रायकर सेकंदाला ५ मीटर वेगाने सुटला. मग दोन तुकड्यांच्या मधल्या काळात तो ८ सेंटिमीटरहून अधिक अंतर कापतो. सोंगटी असते जेमतेम ३ सेंटिमीटरची. एका तुकड्यात स्ट्रायकर सोंगटीच्या अलीकडे, पुढच्यात पलीकडे, आणि टक्कर झालीच नाही! संगणकाच्या लेखी दोघे कधी भेटलेच नाहीत. हे टाळायचं तर मधल्या वाटेचाही हिशेब मांडावा लागतो. ज्या खेळाला ‘यात काही खरं नाही’ म्हणून हिणवलं जातं, त्यात साधी टक्कर खरी वाटावी म्हणून एवढा खटाटोप असतो.

क्रिकेटचंही तसंच. ताशी १४० किलोमीटरचा चेंडू फलंदाजापाशी अर्ध्या सेकंदाच्या आतच पोहोचतो. मैदानावरचा फलंदाज गोलंदाजाचं मनगट, खांदा, धावण्याची लय वाचून आधीच बेत करतो. पडद्याच्या काचेसमोर बसलेल्याला यातलं फारसं काही दिसत नाही. म्हणून ‘ईए क्रिकेट ०७’सारख्या खेळांत चेंडू कुठे टप्पा घेणार, त्याची खूण खेळपट्टीवर आधीच उमटते. धडधडीत खोटी खूण. पण काचेने हिरावून घेतलेलं ज्ञान ती दुसऱ्या वाटेने परत करते. स्ट्रायकरपुढची रेघही त्याच जातीची: बोटाला स्पर्श नाही, मग डोळ्याला रेघ.

काही सवलती तर दिसतही नाहीत. २०१८च्या ‘सेलेस्ट’ या खेळात कड्यावरून पाय सुटल्यावरही सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत उडी मारता येते. नायिका हवेत उभी असते आणि खेळणाऱ्याला पत्ताही लागत नाही. उलट २०१४च्या ‘गोट सिम्युलेटर’ने भौतिकशास्त्रातल्या चुकाच विकायला काढल्या, भिंतीत अडकून थरथरणारी शेळी हाच तिथला विनोद.

सर्वांत धीट थाप मात्र सर्वांत अभ्यासू खेळाने मारली. ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’मध्ये अग्निबाण जुळवून तो कक्षेत न्यायचा असतो, इंधन, वजन, वेग यांचं गणित चुकलं की यान कोसळतं. पण तिथल्या कर्बिन ग्रहाची त्रिज्या आहे ६०० किलोमीटर, आणि पृष्ठभागावरचं गुरुत्वाकर्षण थेट पृथ्वीइतकं. असा ग्रह पृथ्वीच्या दहापटीहून अधिक घन असावा लागेल, म्हणजे ऑस्मियमसारख्या अतिघन धातूलाही मागे टाकील. असा दगड कुठल्या खाणीत सापडायचा नाही. पण ग्रह लहान केल्यामुळे कक्षेसाठी सेकंदाला सुमारे ७.८ ऐवजी २.३ किलोमीटर वेग पुरतो, आणि शाळकरी मुलाला रात्रीच्या जेवणाआधी तिथवर पोहोचता येतं. कक्षा कशी वळते, हे मात्र तो खरंच शिकतो. ग्रह खोटा, वळण खरं.

खरी खोट वेगळीच आहे आणि तिच्यावर फारसं कुणी बोलत नाही. फोनवरच्या कॅरममध्ये अधिक ताकदीचे, अधिक लांब रेघेचे स्ट्रायकर मिळवता येतात, आणि पैसे मोजले तर लवकर. मंडळातही हौशी खेळाडू स्वतःचा स्ट्रायकर खिशातून आणतातच, पण वजनाची मर्यादा सगळ्यांना सारखी, आणि पावडर टाकली की ती दोघांच्याही सोंगट्यांखाली जाते. तिथे पैसे मोजून फक्त आपल्याच बाजूचं घर्षण कमी करता येत नाही. जुन्या खेळाडूंनी चिडायचं तर यावर चिडावं.

पण ते रेघेवरच चिडतात, आणि शेवटी बाकावरच्या पोराला बोर्डवर बसवतात. तो स्ट्रायकर रेषेवर ठेवतो, बोट ताणतो, क्षणभर रेघ उमटायची वाट पाहत असल्यासारखा थांबतो आणि मारतो. सोंगटी हलते, पण तिच्याआधी स्ट्रायकरच जाळीत. दंडाची सोंगटी परत मध्ये ठेवावी लागते. पोरगा बोर्डकडे बघतो, बोटाने पांढरी भुकटी पुसतो आणि म्हणतो, ‘‘पावडर जास्त झालीय, काका.’’

समोरचे काका काही बोलत नाहीत. गेली अनेक वर्षं ते स्वतः हेच म्हणत आलेले आहेत.