डोंगर कोपतो काय?

वाचकहो, पवित्र स्थळी कोणी अमर्याद वागले आणि पाठोपाठ तेथे अरिष्ट आले, तर त्या दोहोंत कार्यकारणभाव मानावा काय? प्रश्न जुना आहे. देवळाच्या ओसरीवर बसलेल्या मंडळींत तो हमखास निघतो आणि बहुतेक वेळा 'तर काय हो! देव बघतोच ना!' एवढ्यावर मिटतो. आज आम्ही तो बोर्निओ बेटावरील किनाबालू पर्वताच्या निमित्ताने विचारास घेत आहो. दृष्टांत दूरचा आहे खरा. पण दूरच्या गोष्टीत आपला रागलोभ गुंतलेला नसतो, म्हणून विचार निवळ होतो.

प्रथम पर्वताची ओळख करून घेऊ. मलेशिया देशाच्या साबा राज्यात हा आहे. उंची ४०९५ मीटर. पायवाट तिंपोहोन नावाच्या दरवाजापाशी, सुमारे १८६६ मीटरांवर सुरू होते. आरंभी पावसाचे दाट अरण्य. झाडांच्या अंगाखांद्यावर शेवाळ, नेचे आणि आमरी; मधूनच घटपर्णी, म्हणजे पानाच्या टोकाला पाण्याचा गडू टांगलेला, आणि त्यात किडा पडला की तो झाडाच्या पोटात गेलाच! पायऱ्या उभ्या, धुके अंगाला चिकटणारे. वर जावे तसे वृक्ष खुजे होतात, फांद्या पिळवटतात, आणि अखेर झाड म्हणून उरत नाही. नुसता उघडा ग्रॅनाइट आणि हाताशी धरायला दोर. चढणारे लोक ३२७२ मीटरांवरील पानालाबान येथे पाठ टेकतात आणि मध्यरात्र उलटल्यावर दिवे घेऊन निघतात, ते सूर्योदयाला शिखरावर. ढग पायांखाली असतात, आणि ज्या अरण्यातून आलो ते कोठे हे शोधावे लागते.

तेथील कडाझान-दुसुन लोकांची श्रद्धा अशी की, या पर्वतावर त्यांच्या पितरांचे आत्मे विसावतात. वर्षातून एकदा ते सात पांढऱ्या कोंबड्या वगैरे अर्पण करून पर्वताची अनुज्ञा मागतात. विधी आपल्यापेक्षा निराळा आहे, परंतु भाव ओळखीचा आहे. आपल्याकडेही जुनी माणसे सकाळी अंथरुणातून उठताना, भूमीला पाय लागणार म्हणून आधी तिची क्षमा मागतात. पाय तर ठेवावाच लागतो. पण तो विचारून ठेवावा, एवढाच त्यातला अर्थ.

आता घडले ते ऐका. ३० मे २०१५ रोजी दहा जणांच्या एका विदेशी टोळक्याने शिखरावर वस्त्रे उतरवून छायाचित्रे काढली. सहाच दिवसांनी, ५ जून रोजी सकाळी तेथे सुमारे ६.० तीव्रतेचा भूकंप झाला. कडे कोसळले, 'गाढवाचे कान' म्हणून प्रसिद्ध असलेल्या सुळक्याचा एक भाग तुटला, आणि अठरा माणसे मृत्यू पावली. त्यांत सिंगापूरची शाळकरी मुले होती, त्यांचे शिक्षक होते, आणि डोंगरावरचे वाटाडेही होते. पुष्कळ लोक म्हणाले, पर्वत कोपला. राज्याच्या एका मंत्र्यांनीही तसे बोलून दाखविले. त्या टोळक्यापैकी चौघांना न्यायालयाने तीन दिवसांची कैद आणि पाच हजार रिंगिट दंड केला.

येथे पूर्वपक्ष असा: अपराध आधी, अरिष्ट मागून, तेव्हा अपराधामुळेच अरिष्ट. यावर आमचे उत्तर असे. आपल्या शास्त्रकारांनी अशा प्रसंगासाठीच काकतालीय न्याय सांगून ठेवला आहे. कावळा ताडावर बसायला आणि फळ पडायला एक गाठ पडली, म्हणून कावळ्याने फळ पाडले असे होत नाही. भूगर्भातील खडकांवर कित्येक वर्षे ताण साचत जातो आणि एके क्षणी ते सरकतात. तो हिशेब सहा दिवसांचा नव्हे. आणि समजा, कोप मानलाच, तर तो कोणावर झाला? वस्त्रे टाकणारे खाली सुखरूप उतरले होते. मेली ती निरपराध लेकरे, आणि मेले ते त्या पर्वताला पूर्वज मानणारे त्याच मातीचे वाटाडे! अपराध एकाने करावा आणि फळ दुसऱ्याने भोगावे, हे कर्माच्या सिद्धांतात बसत नाही. ज्या मातेचे मूल त्या दगडांखाली गेले, तिला 'पर्वत कोपला' असे सांगणे म्हणजे तिच्या दुःखावर आपल्या पांडित्याची वीट ठेवणे होय. असे बोलणाऱ्याने आधी त्या माउलीसमोर उभे राहून तेच वाक्य उच्चारून पाहावे.

पण येथेच दुसरा खड्डा आहे. कोणी म्हणेल, 'बरे तर, पर्वत कोपत नाही. मग वस्त्रे काढली तर बिघडले काय?' हा विचार पहिल्याहून वाईट. शिक्षा नाही म्हणजे अपराध नाही, असे मानणारा माणूस दिवा मालवताच चोरी करील. कोणाच्या घरी पाहुणा म्हणून जावे आणि त्यांच्या वाडवडिलांच्या जागी थट्टा करावी. भिंत अंगावर पडली नाही, म्हणून ते योग्य ठरते काय? तेथील लोकांत सोगित नावाची रीत आहे. बिघडलेला मेळ पुन्हा जुळावा म्हणून अपराध्याने जनावर वगैरे द्यावयाचे. तिच्यात सूड नाही, शांतवन आहे. आपला प्रायश्चित्ताचा विचारही यापासून फार लांब नाही. अपराधाचे परिमार्जन हवे. त्यासाठी भूकंप साक्षीला आणावा लागत नाही.

तर मग श्रद्धा कोठे दिसली म्हणाल? त्या दिवशी कडे अजून ढासळत असता वाटाडे अडकलेल्यांना आधार देत, जखमींना पाठीवर घेऊन उतरले. काहींनी दुसऱ्याचा जीव राखताना आपला दिला. त्यांना पर्वत पूज्य होता आणि त्यावर आलेला परका माणूसही जपण्याजोगा वाटला. पुढे १ डिसेंबर २०१५ पासून शिखराची वाट पुन्हा उघडली, आणि त्याच गावांतले लोक पुन्हा परक्यांना सांभाळून वर नेऊ लागले.

तात्पर्य, डोंगर कोपत नाही आणि डोंगर प्रसन्नही होत नाही. तो उभा असतो. मर्यादा पाळायची ती त्याच्या भयाने नव्हे. जे भयाने नमतात ते भय गेले की ताठ होतात. ज्याला समजले की ही जागा आपल्या आधीही कोणाची होती आणि आपल्या नंतरही राहील, तो माणूस, वर पाहणारे कोणी नसले तरी, पाय हलकाच ठेवतो.