ओंजळभर पाणी



महाडचे चवदार तळे सर्वांना खुले, असा ठराव नगरपालिकेने आधीच केला होता. तरी त्यात ओंजळ बुडवायची आपल्या माणसांची छाती होत नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब तळ्यात उतरले, पाणी प्याले. मागोमाग हजारो प्याले. त्यापायी आपल्या लोकांनी लाठ्या खाल्ल्या. उच्च न्यायालयाचा निकाल मिळायला १९३७ साल उजाडले.

हक्क कागदावर मिळतो. स्वातंत्र्य आपल्याच ओंजळीने घ्यावे लागते. आड येते ती रूढीची भीती. भगवान बुद्धांनी कालामांना हेच सांगितले: परंपरा आहे, ग्रंथात आहे, गुरू म्हणतो, एवढ्यावरून मानू नका, स्वतः पारखा.

आपण गावकीची कामे सोडली. मग लेकीच्या लग्नाचा मुहूर्त अजून कोणाला विचारता? ती भीतीही सोडा.

जयभीम!