देह नाशिवंत, तरी शस्त्रक्रिया

आमचं घर वारकरी. त्यामुळे धाकट्या जावेने ब्रेस्ट लिफ्टचा विषय काढला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "नाशिवंत देहाची एवढी हौस कशाला गं?" मी प्लास्टिक सर्जरीच्या वॉर्डात परिचारिका आहे, म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. प्रश्न खरा आहे. "तिची मर्जी" एवढ्यावर तो संपत नाही.

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात म्हातारपणाचं वर्णन आहे. वाचताना अंगावर काटा येतो. पण ते ज्याने त्याने स्वतःच्या देहाकडे बघून वाचायचं. दुसरीचं तोंड बंद करायला नव्हे. सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या वेळी आम्हा कुणाला देहाचा नाशिवंतपणा आठवला नाही, आणि आठवायला नकोच होता.

गरज वेगळी नि हौस वेगळी, असं लोक म्हणतात. ती रेघ इतकी सरळ नसते. 1794 साली लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये पुण्याकडच्या एका शस्त्रक्रियेची हकीकत छापून आली. इंग्रज फौजेतला गाडीवान कावसजी याचं नाक टिपूच्या कैदेत कापलं गेलं होतं. इथल्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक बसवलं. तुटक्या नाकानेही माणूस जगतो. तरी त्याने ते सोसलं, चारचौघांत तोंड दाखवायचं होतं म्हणून. त्याला कुणी हौशी म्हणेल असं मला वाटत नाही.

जावेला जुळी झाली, नंतर तिने बरंच वजन उतरवलं. अंगावर पाजल्याने छाती ओघळते असं बायका धरून चालतात. खरं तर गरोदरपण, वय, वजनाची चढउतार यांचा वाटा मोठा. उन्हाळ्यात छातीखालच्या घडीत घाम साचून तिची कातडी सोलवटते. रोज सुती रुमालाची घडी तिथे सरकवून ती कामाला जाते.

भूल देण्याआधी डॉक्टर बाईला उभं करून पेनाने खुणा करतात, कारण आडवं झालं की छाती पसरते आणि जागा कळत नाही. मग जादा कातडी काढायची, स्तनाग्र वर घ्यायचं, आतला भाग बांधून घ्यायचा. आकार सावरतो, भर वाढत नाही. व्रण स्तनाग्राभोवती, बहुधा तिथून खाली घडीपर्यंत, कधी घडीतूनही. आधी लाल, हळूहळू फिका. पुसला मात्र जात नाही. काही आठवडे सपोर्ट ब्रा, जड उचलायचं नाही, हात डोक्यावर न्यायचे नाहीत. स्तनाग्र काही महिने बधिर राहू शकतं, क्वचित कायमचं. दोन्ही बाजू तंतोतंत जुळत नाहीत. आणि वय व वजन छातीला पुन्हा खाली ओढणारच, हेही आधीच सांगावं लागतं.

हे सगळं ऐकून बाई संमतीपत्रावर सही करते, तेव्हा मला तिच्यात वैराग्याचा अंश दिसतो. वैराग्य म्हणजे काही मागायचंच नाही असं मी मानत नाही. जे मागतोय ते किती मिळेल, काय हिरावेल, किती दिवस टिकेल हे नीट जाणून मागणाऱ्याची पकड आपोआप सैल असते. देह टिकत नाही हे आम्ही कीर्तनात ऐकतो आणि माना डोलावतो. तिने ते स्वतःच्या छातीबद्दल कबूल केलेलं असतं.

मला भीती वाटते ती वेगळ्या अपेक्षेची. नवरा पुन्हा जवळ येईल, गेलेली वर्षं परत मिळतील, म्हणून काहीजणी येतात. टाके उत्तम भरले तरी त्या रडतात. अशी बाई समोर आली की मी डॉक्टरांना सांगते, तारीख देण्याआधी तिच्याशी आणखी एकदा बसा.

जावेच्या बोलण्यात नवऱ्याचं नाव आलं नाही, रुमालाचं आलं. तिला मी म्हटलं, आधी तपासण्या करून घे, वजन स्थिर राहू दे, आणि आणखी मूल हवंय का ते दोघं मिळून पक्कं ठरवा. नंतर दिवस राहिले तर केलेलं पुन्हा ताणलं जातं, पाजायलाही अडचण येऊ शकते. मग खुशाल तारीख घे.