घासलेला रुपया

रामकुंडावर दोरीला लोहचुंबक बांधून पाण्यात सोडणारी पोरं तुम्ही पाहिली असतील. भाविकांनी टाकलेली नाणी चुंबकाला चिकटून वर येतात. पण सगळी नाही. स्टीलची येतात. चांदीचं किंवा तांब्याचं एखादं नाणं खाली असेल, तर चुंबकाच्या लेखी ते नाहीच.

आमच्या घरी आजीचे तीन चांदीचे रुपये आहेत. पंचम जॉर्जचे, १९१८ सालचे. एक देव्हाऱ्यात असतो. दर लक्ष्मीपूजनाला आजी तो दंतमंजनाने घासते, त्यामुळे राजाच्या दाढीचे केस कधीच गेलेत. उरलेले दोन ट्रंकेत फडक्यात बांधलेले, काळपट पडलेले. मी तिन्ही एका प्रदर्शनात दाखवले. विक्रेत्याने देव्हाऱ्यातला बाजूला सारला. "हा घासलाय, नुसता चांदीचा भाव." काळ्या दोघांकडे मात्र तो भिंगातून बराच वेळ पाहत राहिला. "यांना हात लावू नका," म्हणाला.

अमेरिकेत या नजरेचं शास्त्र झालंय. तिथे नाणं तज्ज्ञांच्या कंपनीकडे पाठवतात. ते त्याला १ ते ७० मध्ये अंक देतात आणि प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करतात. ६० आणि त्यापुढचे अंक चलनात न फिरलेल्या नाण्यांना. घासलेल्याला बहुतेकदा अंकच नाही, फक्त तसा शेरा. मालिकेतल्या दुर्मिळ सालाला 'की-डेट' म्हणतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीतला १८९३चा मॉर्गन डॉलर तसा आहे, कारण ते फक्त १,००,००० पाडले गेले. आपल्याकडे १९३९चा चांदीचा रुपया तसा. आजीचा १९१८चा त्या मानाने अगदी साधा.

पण साधा म्हणावा तर त्याची गोष्ट मोठी आहे. पहिल्या महायुद्धात भारतात चांदीची टंचाई झाली. लोक नोटा देऊन रुपये मागू लागले. तेव्हा, १९१८ मध्येच, अमेरिकेने पिटमन कायदा केला आणि २७ कोटींहून जास्त चांदीचे डॉलर वितळवले. त्यातली बहुतेक चांदी ब्रिटिशांनी विकत घेतली, भारतात रुपये पाडायला. तिकडचे संग्राहक आज मॉर्गन डॉलर शोधतात. त्यांच्या हरवलेल्या डॉलरांचे कण इकडे कुणाच्या पैंजणात, कुणाच्या देव्हाऱ्यात असतील. आजीच्या रुपयातही असतील, कोण जाणे.

मग मोल कशाचं? न वापरलेल्या नाण्याचं की हातोहात फिरलेल्याचं? नाणं तर फिरण्यासाठीच जन्मतं. ज्याने आपलं काम नीट केलं त्यालाच कमी गुण, हे मला आधी अन्यायाचं वाटलं.

पण नाशिकजवळच्या जोगलटेंभीची गोष्ट मला गप्प करते. १९०६ मध्ये तिथे चांदीच्या १३,०००हून जास्त नाण्यांचा ठेवा सापडला. नाणी क्षत्रप नहपानाची, त्याच्या चेहऱ्याची. त्यातल्या ९,०००हून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हं पुन्हा ठोकली होती. एका राजाच्या चेहऱ्यावर दुसऱ्याचा ठसा. त्या ठशांतूनच आपल्याला कळतं की सातकर्णीने नहपानाचं राज्य घेतलं. कोरेपणाच्या हिशेबात ही नाणी बिघडलेलीच. इतिहासाच्या हिशेबात तो बिघाड हाच पुरावा.

इथे एक अडचण आहे. ही नाणी आपल्यापर्यंत आली, कारण कुणीतरी ती बाजूला काढून ठेवली. सगळ्यांनी वापरली असती, सोनारांनी वितळवली असती, तर आज वाचायला काय उरलं असतं? जपणाऱ्याला कंजूष म्हणून मोकळं होता येत नाही. आणि वापरणाऱ्याला अडाणीही म्हणता येत नाही. आजीने घासून राजाची दाढी पुसली, पण तिच्या पन्नासेक दिवाळ्या त्या रुपयावर आहेत. त्या मोजायला ७०चा आकडा उपयोगाचा नाही. रामकुंडावरचा चुंबक खोटा नसतो, त्याला फक्त एकच गोष्ट कळते.

यंदा दिवाळीच्या आधी आजी म्हणाली, "ते दोन्ही पण काढ. घासू. लक्ष्मी अशी काळी ठेवतात का?"

मी तिला सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ते ठेवायचे कुणासाठी?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. एक रुपया तिच्या हातात दिला. दुसरा कागदी पाकिटात घालून त्यावर लिहिलं : आजीचा, १९१८, घासू नये. पाकीट कुणाच्या हाती पडेल, ते मला अजून ठाऊक नाही.