सतरा मिनिटं

जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागात, उसाच्या फडांनी वेढलेल्या एका मळ्यात शंभर केव्हीएची डीपी, म्हणजे विजेचं रोहित्र, होती. तिच्यावर अठरा शेतकऱ्यांच्या अठरा मोटरी. डिसेंबरात कांद्याची लागण उरकली, रोपांनी नुकतं कुठे अंग धरलं, आणि एका रात्री लाइट येताक्षणी डीपीतून ठिणग्या उडाल्या. तेल बाहेर आलं, मळा अंधारात गेला.

सकाळी पारावर एकमत व्हायला वेळ लागला नाही. दोष वीज कंपनीचा. वायरमनचा फोन लागत नव्हता, म्हणून त्याचाही. दुसरी डीपी मिळेपर्यंत आठवडा गेला. ती आणायला ट्रॅक्टर गावचाच, डिझेल गावचंच, उतरवून घ्यायला माणसंही गावचीच. तोवर बापूंच्या तीन एकरांतला कांदा माना टाकून बसला होता.

बापू मळ्यातले मोठे बागायतदार, आवाजही त्यांचाच मोठा. "वीज फुकट दिली म्हणून डीप्या फुटक्या द्यायच्या का?" असं ते भेटेल त्याला विचारत. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना सरकारने एप्रिल 2024 पासून वीज मोफत केली आहे. बापूंची मोटर बरोबर साडेसातची होती. मंजुरी मात्र पाचची.

त्याच आठवड्यात बापूंची गाडीही रुसली. कांद्याच्या धांदलीत ती बरेच दिवस गोठ्याशेजारी उभीच होती. तालुक्याला जायला निघाले तर सेल्फ नुसता कटकट करून थांबला. बापूंनी पोराला शेजारच्या आप्पांकडे पिटाळलं.

आप्पांनी आयुष्य कोयनेच्या वीजगृहात काढलं होतं. निवृत्तीनंतर गावी आले ते एक जुनी मारुती 800 घेऊन. दर रविवारी सकाळी तिचं बॉनेट उघडलेलं दिसे. ऑइलची काडी पुसून पुन्हा बुडवायची, कूलंट इंजिन थंड असतानाच बघायचं, बेल्ट बोटाने दाबून बघायचा, चारही चाकांतली हवा मोजायची. गावातली पोरं हसायची, पण ती गाडी आजवर कुणाला ढकलावी लागली नव्हती.

आप्पा आले, त्यांनी बॉनेट उचललं आणि हसले. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरट हिरवी भुकटी साचून तिचा थर झाला होता. त्यांनी आधी निगेटिव्हची वायर सोडवली, मग पॉझिटिव्हची. तांब्याभर कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून टर्मिनलवर ओतला. फेस आला, फसफसला, खाली उतरला. दात घासायच्या जुन्या ब्रशने त्यांनी खाचाखोचा घासल्या, फडक्याने कोरडं केलं, शिसं चमकायला लागलं तेव्हा क्लॅम्प घट्ट आवळले, या खेपेला पॉझिटिव्ह आधी. वरून व्हॅसलीनचा हात फिरवला.

"बस, मार सेल्फ."

बापूंनी चावी अर्धी फिरवली. एसीचा पंखा पूर्ण जोरात सुरू झाला, टेप गाऊ लागला. चावी पुढे फिरवली तशी गाणं तुटलं, पंखा थांबला, इंजिनाने दोन हिसके घेतले आणि धरलं. चावी मागे आली, पंखा पुन्हा फिरू लागला, गाणंही पुढे चालू झालं.

"हे टेपचं काहीतरी लूज आहे बघा," बापू म्हणाले. "दरवेळी सेल्फ मारताना बंद पडतो."

"लूज काही नाही. तो बंद पडत नाही, त्याला बंद ठेवतात. डिझेल गाडीचा सेल्फ दोनशे-तीनशे अँपिअर ओढतो. तेवढ्या दोन क्षणांत पंखा, टेप सगळे बॅटरीला झोंबले तर इंजिन धरायचं कसं? म्हणून बनवणाऱ्याने चावीतच सोय केली. एक उठेपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं. तो उठला की सगळ्यांना पुरतं." आप्पा हात पुसत म्हणाले, "आपल्या डीपीला अशी चावी नाही, बापू. तिथे अठराही जण एकदम सेल्फ मारतात."

बापूंना पटलं नाही. आप्पांनी ऑइलच्या डब्याचा पुठ्ठा फाडला आणि कानावरची पेन्सिल काढली.

"शंभरची डीपी एका फेजला 133 अँपिअर देऊ शकते. पाचची मोटर चालताना साडेसात अँपिअर घेते. अठरा मोटरी म्हणजे 135. तुझी साडेसातची आहे ते तूर्त सोडून देऊ. म्हणजे सगळ्या चालू असल्या की डीपी आधीच गळ्यापर्यंत. आता चालू होतानाचं बघ. थांबलेली मोटर उठताना सहापट करंट खेचते. एक मोटर 45. अठरा एकदम उठल्या तर 810." त्यांनी आकड्याखाली रेघ मारली. "आणि एवढं ओढलं की व्होल्टेज पडतं. व्होल्टेज पडलं की मोटरी वेग घेत नाहीत, नुसत्या घुमतात. वेग घेत नाहीत तोवर करंट उतरत नाही. डीपी आतून भाजत राहते."

"पण फ्यूज असतात ना?"

"असतात. जुन्या पेटीत फ्यूजच्या जागी काय होतं, ते वायरमनने मला दाखवलं. करंगळीएवढी ॲल्युमिनियमची तार. फ्यूजचं काम आपण मरून दुसऱ्याला वाचवायचं. आपण त्याला अमर केलं आणि डीपी मेली." ती तार कोणी घातली हे बापूंना ठाऊक होतं. ते गप्प राहिले.

मग आप्पांनी मोठ्या डीपीची, म्हणजे देशाच्या ग्रिडची गोष्ट काढली. "आम्ही कोयनेत अडीचशे मेगावॅटच्या संचापुढे बसायचो तेव्हा नजर एकाच आकड्यावर. 50 हर्ट्झ. लोकांनी दिवे लावले, मोटरी टाकल्या की देशातलं एकूण एक जनित्र किंचित जड होतं आणि आकडा खाली येतो. मग आम्ही झडपा उघडून पाणी वाढवायचं. 49.90 ते 50.05, एवढ्या पट्ट्यात गाडा ठेवायचा. साठवून ठेवलेली वीज त्यामानाने नगण्य. ज्या क्षणी लागते त्याच क्षणी ती तयार करावी लागते. जुलै 2012 मध्ये काय झालं आठवतं? 30 तारखेला उत्तरेचं ग्रिड कोसळलं. 31 ला पुन्हा उत्तरेचं, आणि सोबत पूर्वेचं आणि ईशान्येचंही. दिल्लीची मेट्रो थांबली, आगगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. बीना ते ग्वाल्हेरची 400 केव्हीची लाइन ट्रिप झाली हे निमित्त. पण काही राज्यं ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढत होती, हे चौकशीत आलंच. प्रत्येकाला वाटलं, माझ्या थोड्याशाने काय होतंय."

"ते राज्यांचं झालं. आपली तर वीज फुकट."

"आपल्याला बिल येत नाही, एवढंच. त्याचे पैसे सरकार भरतं, म्हणजे कोणीतरी भरतंच. आणि सगळ्यांना एकाच वेळी हवी असली की ती महागच पडते. वीजबाजारात संध्याकाळी तुटवडा पडला की एका युनिटचा भाव दहा रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन टेकतो. तीच वीज भर उन्हात, सोलर चालू असताना, कितीतरी स्वस्त. फरक विजेत नाही, घाईत आहे."

नवी डीपी खांबावर चढली त्या संध्याकाळी मारुतीच्या देवळात बैठक बसली. वायरमनही आला. त्याचं म्हणणं सरळ होतं, सगळ्यांनी स्टार्टरवरचे ऑटोस्विच काढून टाका. लाइट आली की मोटर आपोआप चालू करणारा तो डबाच सगळ्याचं मूळ आहे.

त्यावर एक म्हातारी ताडकन उठली. "आठवड्यातले निम्मे दिवस लाइट रात्रीची. उसातून बॅटरी घेऊन मोटर टाकायला तू जातोस का? परवा बांधावर बिबट्या बसला होता."

कोणी हसलं नाही. त्या भागात ही गोष्ट हसण्यावारी नेत नाहीत. आप्पा म्हणाले, "मावशी बरोबर बोलतात. चूक आपोआप चालू होण्यात नाही, एकदम चालू होण्यात आहे. टायमरचा ऑटोस्विच मिळतो. लाइट आल्यावर किती वेळाने मोटर उठवायची ते त्यात ठरवता येतं. एकेक मिनिटाचं अंतर ठेवू. पहिली लगेच, दुसरी एका मिनिटाने, अठरावी सतरा मिनिटांनी. सोबत प्रत्येकाने कपॅसिटर बसवायचा. मग तीच मोटर डीपीतून साडेसातच्या जागी सहाच अँपिअर ओढेल. अठरांचे 108. डीपीला श्वास घ्यायला जागा उरेल. आणि पेटीत फ्यूज कंपनीचाच, हात फक्त वायरमनचा."

"असं ठरवून कुठे काय होतं का, आप्पा?" कोणीतरी शंका काढली.

"5 एप्रिल 2020 आठवा. रात्री नऊला नऊ मिनिटं दिवे बंद करायचे होते. देशाची मागणी सुमारे 31 हजार मेगावॅटने खाली आली आणि लगेच परत वर गेली. अवचित झालं असतं तर ग्रिड आडवं झालं असतं. पण आधी माहीत होतं. कुठल्या केंद्राने कधी उतरायचं आणि कधी चढायचं हे ठरलेलं होतं. देशभरच्या जलविद्युत केंद्रांनी तो चढउतार पेलला."

गाव तयार झालं. चिठ्ठ्या लिहून टोपीत टाकल्या, आप्पांच्या धाकट्या नातीने उचलल्या. बापूंच्या वाट्याला अठरावा नंबर आला. देवळात बापू काही बोलले नाहीत.

काही दिवस मळा सुरळीत चालला. लाइट आली की एकेक मोटर उठायची, पाइपांतून एकामागून एक पाणी बोलायचं. बापू मात्र रोज रात्री खाटेवर पडून शेजाऱ्यांच्या मोटरी मोजत. सर्वांत मोठं रान आपलं, आणि सर्वांत शेवटी पाणीही आपल्यालाच? एका संध्याकाळी ते विहिरीवर गेले आणि टायमरचं बटण फिरवून शून्यावर आणलं. एकट्याने काय फरक पडतो?

फरक पडला तो शेजाऱ्याच्या कानांना. त्याचा नंबर नववा होता, आणि बापूंची मोटर आपल्याआधी घुमते हे त्याने दुसऱ्याच रात्री ओळखलं. त्यानेही बटण फिरवलं. ते पलीकडच्याला कळलं. कोणी कोणाला बोललं नाही, देवळात रामराम पूर्वीसारखाच होत राहिला, आणि पंधरवड्यात बहुतेक सगळे टायमर शून्यावर येऊन बसले.

जानेवारीतली कडाक्याची रात्र. थ्री फेज दहाला येणार होती आणि सकाळी सहाला जाणार होती. दहाला आली. मोटरी एकदम घुमल्या, दिवे लालसर झाले, आणि डीपीच्या पेटीतून फट्‌ असा आवाज आला. पुन्हा सगळं बंद.

वायरमन सकाळी आठला आला. त्याने पेटी उघडली, जळालेले फ्यूज काढले, नवे बसवले. डीपीला धक्काही लागला नव्हता. अर्ध्या तासात काम झालं, पण तोवर मळ्याची पाळी संपून गेली होती. आठ तासांचं पाणी कोणाच्याच रानात गेलं नाही.

बापूंनी हिशेब घातला. सतरा मिनिटं वाचवायला गेलो आणि चारशे ऐंशी घालवली. ते आप्पांकडे आले तेव्हा आप्पा मारुतीच्या चाकात हवा भरत होते.

"आप्पा, बटण मी फिरवलं होतं. पहिलं मीच."

"ठाऊक आहे. माझ्याही कानांना ऐकू येतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू माझ्याशी भांडला असतास. फ्यूजशी भांडता येत नाही."

बापू थोडा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "चूक माझी आहेच. पण नंबर लावण्यातही एक खोट राहिली. चिठ्ठी एकदाच निघाली, म्हणून मी जन्माचा अठरावा झालो. आठवड्याला नंबर फिरवू. या आठवड्याचा पहिला तो पुढच्या आठवड्यात शेवटी, बाकीचे एकेक पुढे सरकतील. मग वाट बघायची पाळी प्रत्येकाची, आणि टायमर शून्यावर आणायचं कारण कोणालाच उरणार नाही."

आप्पांनी पंप खाली ठेवला. "हे मला चिठ्ठ्यांच्या वेळीच सुचायला हवं होतं," ते म्हणाले.

त्या रविवारी देवळात नवा तक्ता लागला. सगळ्यांच्या टायमरची बटणं सगळ्यांच्या देखत लावली गेली. बापूंनी साडेसातच्या मंजुरीचा अर्जही भरून टाकला. उन्हाळ्यात कांदा निघाला तेव्हा तीच डीपी त्याच खांबावर उभी होती.

तात्पर्य: सामायिक गोष्ट वापराने मोडत नाही, सगळ्यांचं "आधी मी" एका क्षणी येऊन पडलं की मोडते. म्हणून रांग हवी, आणि ती टिकायची तर तिचं शेवटचं टोक कोणा एकाच्या वाट्याला कायमचं येता कामा नये. थांबणाऱ्याची मोटर उशिरा सुरू होते. न थांबणाऱ्याची होतच नाही, आणि तो शेजाऱ्याचीही बंद पाडतो.