मदीनेस गेलेला विद्यार्थी ही गावाची अमानत आहे

सर्व स्तुती अल्लाहसाठीच आहे, ज्याने मानवाला लेखणीद्वारे ज्ञान दिले. त्याचे प्रेषित मुहम्मद (स.), त्यांचे कुटुंबीय आणि सर्व सहाबी यांच्यावर सलाम व कृपा असो.

आपल्या मराठवाड्यातील लहान गावांतून धर्मशिक्षणासाठी मुले घराबाहेर पडतात. कोणी अक्कलकुव्याच्या जामियात जातो, कोणी मालेगावच्या मन्सूऱ्यात. त्यांतील एखाद्याच्या नशिबी पुढे मदीनेची वाट येते. गेवराईसारख्या तालुक्याच्या गावात असा प्रवेश कोणाला मिळाला, तर ती बातमी एका घराची राहत नाही. मोहल्ला मुबारकबाद द्यायला येतो, थोरले दुआ देतात, आईचे डोळे भरून येतात. हा आनंद योग्यच आहे. परंतु या आनंदाच्या आत एक जबाबदारी लपलेली आहे आणि तिच्याविषयी आपण फारसे बोलत नाही.

कुरआनच्या सूरह तौबामधील १२२ व्या आयतीचा आशय लक्षात घ्या. सर्वच श्रद्धावंतांनी एकाच वेळी घराबाहेर पडावे, असे अल्लाहने सांगितले नाही. प्रत्येक समूहातून काही माणसे निघावीत, त्यांनी धर्माची खोल समज मिळवावी आणि परत येऊन आपल्या लोकांना सावध करावे, असा तो आदेश आहे. म्हणजे येथे जाणे, समजणे आणि परतणे अशा तीन गोष्टी एकत्र सांगितल्या आहेत. आपण जाण्याचा सोहळा करतो. समजण्याचे काम मुलावर सोपवतो. परतण्याचा विचार मात्र ना मुलगा करतो, ना घर, ना गाव.

मदीनेत बाहेरून आलेला विद्यार्थी ही काही आजची गोष्ट नाही. मस्जिद-ए-नबवीच्या एका बाजूस छप्पर घातलेली जागा होती, तिला सुफ्फा म्हणत. ज्यांना घर नाही, नातलग नाहीत, व्यापार नाही, असे लोक तेथे राहत आणि प्रेषितांकडून (स.) शिकत. हजरत अबू हुरैरा (रजि.) त्यांच्यापैकीच एक. ते यमनच्या दौस कबिल्याचे. हिजरी सन ७ मध्ये ते मदीनेस आले. भुकेने ते कधी मिंबर आणि हजरत आयेशा (रजि.) यांच्या हुजऱ्यामध्ये बेशुद्ध पडत आणि लोकांना वाटे की त्यांना वेडाचा झटका आला आहे. याच विद्यार्थ्याकडून उम्मतला पाच हजारांहून अधिक रिवायती मिळाल्या.

त्यांच्या जीवनातील दुधाच्या पेल्याचा प्रसंग बुखारी शरीफमध्ये आला आहे. ते अत्यंत भुकेले होते. प्रेषितांच्या (स.) घरी कोणीतरी दुधाचा पेला भेट पाठवला होता. आता आपल्याला दूध मिळेल, अशी आशा त्यांना वाटली. तोच आज्ञा झाली की सुफ्फ्यातील सर्वांना बोलावून आण. एवढ्या जणांत हे दूध कसे पुरणार, असे त्यांच्या मनात आले, पण आज्ञा मोडता येत नव्हती. सर्वजण आले. मग पेला अबू हुरैरांच्याच हाती देण्यात आला आणि एकेकास पाजण्यास सांगण्यात आले. सर्व तृप्त झाल्यावर त्यांची पाळी आली. तेव्हा पोटात जागा उरली नाही इतके ते प्याले. शेवटी प्रेषितांनी (स.) उरलेले दूध घेतले. धर्माच्या विद्यार्थ्याने हा प्रसंग आयुष्यभर ध्यानात ठेवावा. पेला आपल्या हातात आला, याचा अर्थ तो आपला एकट्याचा झाला असा होत नाही. हाती पेला येतो तो इतरांना पाजण्यासाठी.

आजच्या विद्यार्थ्याची परिस्थिती त्या मानाने फार सुखाची आहे. मदीनेचे इस्लामी विद्यापीठ १९६१ साली स्थापन झाले. जगाच्या कानाकोपऱ्यांतून तेथे विद्यार्थी येतात. राहण्याची सोय, दरमहा विद्यावेतन आणि सुटीत घरी जाण्या-येण्याचे तिकीट विद्यापीठच देते. अरबी कच्ची असलेल्यांना आधी भाषेचे शिक्षण दिले जाते, त्यानंतर शरीअत, हदीस, कुरआन, दावत अशा शाखांत प्रवेश मिळतो. सकाळी वर्ग, दुपारी थोडी विश्रांती, अस्र किंवा मगरिबला मस्जिद-ए-नबवीकडे जाणारी बस, तेथे उस्तादांच्या भोवती बसून ऐकलेला धडा, इशानंतर परत खोली आणि अभ्यास. शेजारच्या खाटेवर कोणी नायजेरियाचा, कोणी इंडोनेशियाचा. जेवण वेगळे, हवा वेगळी. उन्हाळ्यात दुपारच्या झळा अशा की मराठवाड्याचा मे महिना सौम्य वाटावा. रमजानमध्ये मस्जिदीत दस्तरखान अंथरले जातात आणि अनोळखी माणूस हात धरून इफ्तारला बसवतो.

हे सारे ऐकून आपल्याला वाटते की मुलगा जन्नतच्या दारातच राहतो आहे, आता त्याची काळजी नको. येथेच आपण चुकतो. हजरत अबू दर्दा (रजि.) यांनी शामहून हजरत सलमान फारसी (रजि.) यांना पवित्र भूमीत येऊन राहण्याविषयी पत्र लिहिले होते. सलमान (रजि.) यांनी उत्तरात कळवले की भूमी कोणाला पवित्र करीत नाही, माणसाला पवित्र करते ते त्याचे कर्म. इमाम मालिक यांच्या मुवत्तामध्ये ही गोष्ट आली आहे. मस्जिद-ए-नबवीतील एक नमाज, काबागृहाची मस्जिद वगळता, इतर मस्जिदींतील हजार नमाजांहून श्रेष्ठ आहे, हे प्रेषितांनीच (स.) सांगितले. पण बस दारात उभी असताना जो खोलीत मोबाईल पाहत पडून राहिला, त्याच्या पदरी काय पडणार? नवेपणी रौजा दिसताच ज्याचे डोळे वाहत होते, तोच वर्षभरात त्याच वाटेने गप्पा मारीत जाऊ लागतो. नित्याच्या सहवासाने आदर झिजतो. गेवराईच्या मुलासमोरची खरी परीक्षा परक्या भाषेची किंवा उन्हाची नसून हीच आहे. तिच्याशी रोज झुंजावे लागते.

आता घराकडे वळू. हजरत उमर (रजि.) मदीनेच्या वरच्या वस्तीत राहत. त्यांनी आणि त्यांच्या एका अन्सारी शेजाऱ्याने पाळ्या लावल्या होत्या. एक दिवस शेजारी प्रेषितांच्या (स.) सेवेत जाई, एक दिवस उमर (रजि.). जो जाई, तो त्या दिवशी ऐकलेले सर्व परतून दुसऱ्याला सांगे. एकाने शिकावे, दुसऱ्याने काम सांभाळावे आणि ज्ञान दोघांचे व्हावे, अशी ही व्यवस्था होती. गेवराईत कापूस वेचणारी आई, दुकान सांभाळणारा भाऊ, गोदाकाठच्या शेतात राबणारे वडील हे सारे त्या विद्यार्थ्याचे असेच भागीदार आहेत. त्यांनी काम सांभाळले म्हणून तो जाऊ शकला. मग त्याच्या शिक्षणात त्यांचा वाटा कोठे आहे?

आपण फोनवर काय बोलतो, ते एकदा तपासून पाहा. जमजम कोणाबरोबर पाठवतोस? अजवा खजूर काय भावाने मिळते? मामा उमऱ्याला येत आहेत, चार दिवस त्यांच्याबरोबर फिरशील ना? पाहुण्याची सेवा पुण्याचीच आहे, परंतु परीक्षेच्या दिवसांत मुलाला वर्गातून ओढून बाजारात फिरवणे ही सेवा नव्हे. ‘तिकडे आहेस तर काही कमवून पाठव’ हे वाक्य तर कधीच उच्चारू नका. तो शिकण्यासाठी गेला आहे. त्याऐवजी आठवड्यातून एक दिवस ठरवा. आपले घड्याळ मदीनेच्या अडीच तास पुढे आहे. तिकडे मगरिब झाली की इकडे जेवणे उरकलेली असतात. घरातील सर्वांनी एकत्र बसावे आणि त्याने त्या आठवड्यात शिकलेली एक हदीस समजावून सांगावी. आजीला, वहिनीला, शाळेत मराठीतून शिकणाऱ्या धाकट्या बहिणीला समजेल अशा शब्दांत सांगावी. ज्याला ते जमले, त्याचा धडा पक्का झाला असे समजावे.

परतण्याविषयी हजरत मालिक बिन हुवैरिस (रजि.) यांची हकीकत मार्गदर्शक आहे. ते आणि त्यांचे काही समवयस्क तरुण वीस रात्री प्रेषितांजवळ (स.) राहिले. या तरुणांना घरची ओढ लागली आहे, हे त्या दयाळू हृदयाने ओळखले. मागे घरी कोण कोण आहे, अशी चौकशी केली आणि सांगितले की आपल्या लोकांत परत जा, त्यांच्यात राहा, त्यांना शिकवा. मदीनेत राहण्यापेक्षा मोठे भाग्य त्या तरुणांसाठी कोणते होते? तरीही त्यांना घरी पाठवण्यात आले. शाह वलीउल्लाह देहलवी (रह.) यांनीही हिजाजमध्ये उस्तादांकडून हदीसचे ज्ञान घेतले, १७३२ साली ते दिल्लीस परतले आणि पुढे त्यांनी कुरआनचा फारसी अनुवाद केला, कारण त्या काळी शिकलेल्या लोकांची भाषा ती होती.

आपल्याकडे घरात दखनी आणि बाजारात, शाळेत, कचेरीत मराठी चालते. परत आलेला विद्यार्थी या भाषांपासून दूर गेला, तर त्याचे अरबी ज्ञान कपाटातील सनदेइतकेच कामाचे राहील. स्त्रियांनी प्रेषितांकडे (स.) आपल्यासाठी वेगळा दिवस मागितला होता आणि त्यांना तो मिळाला होता. आपल्या गावातील स्त्रियांना तो दिवस कोण देणार? दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. त्यांत मुस्लिम कुटुंबेही असतात. त्यांची मुले अर्धे वर्ष फडावर काढतात आणि शाळा व मकतब दोन्ही सुटतात. त्यांना कलिमा आणि नमाज कोण शिकवणार? आणि आणखी एक गोष्ट. मदीनेहून आणलेल्या ज्ञानाचा उपयोग कोणाचे हात कोठे बांधले आहेत, यावरून एका मस्जिदीच्या दोन मस्जिदी करण्यासाठी होऊ नये. ज्याच्या परतण्याने मोहल्ल्यातील अबोला वाढला, त्याने शिकलेले आपण पुन्हा तपासून पाहावे.

मात्र सगळे ओझे मुलाच्याच खांद्यावर ठेवणे हा अन्याय होईल. लग्नाच्या मंडपावर आपण एका रात्रीत जेवढे खर्च करतो, तेवढे इमामाला वर्षभरातही देत नाही. आठ-दहा वर्षे शिकून आलेल्या आलिमला घर चालवता येणार नाही असा पगार द्यायचा आणि तो शहरात किंवा आखातात निघून गेला की त्याला दोष द्यायचा, हे आखिरतमध्ये कोणत्या तोंडाने सांगणार? मस्जिदीच्या जमातने आजच ठरवावे की आपला मुलगा परतेल तेव्हा त्याला सन्मानाचे काम आणि पोटापुरते मानधन मिळेल. मिनारची उंची पुढील वर्षी वाढवता येईल.

हे अल्लाह! ज्ञानासाठी परदेशी गेलेल्या आमच्या मुलांची नीयत शुद्ध ठेव, त्यांच्या मनातील मदीनेचा आदर झिजू देऊ नकोस. त्यांच्या माता-पित्यांच्या कष्टांत बरकत दे. त्यांना नम्र करून आमच्यात परत आण आणि ते परततील तेव्हा त्यांची कदर करण्याची बुद्धी आम्हाला दे. आमीन.